बांदोलची २०१६ ची रेड वाइन जालन्याच्या उन्हाळ्यात टिकंल का?

शेततळ्याकाठी

राम राम मंडळी. मी जालन्याकडचा. द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी माणिक चमन. वाइनमधलं मला काही कळत नाही, पण द्राक्षातलं कळतं, तेवढ्या जोरावर विचारतो.

जावई फ्रान्समधी तूलाँ म्हणून बंदराचं गाव आहे, तिथं जहाजाच्या कामावर आहे. दिवाळीला आला तेव्हा एक बाटली घेऊन आला. जडशीळ बाटली, बूच मारलेली, लेबलावर बांदोल असं नाव आणि साल २०१६. आमची नात २०१६ ची. जावयाचं म्हणणं, ही आत्ता उघडायची नाही, पोरगी शिकून मोठी झाली की तिच्या लग्नात उघडायची, वीस-पंचवीस वर्षं हिला काही होत नाही. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं, मे महिन्यात आपल्या घरात पंख्याचा वारासुद्धा पोळतो, तिथं ही काय टिकती, थर्टीफर्स्टला संपवू. सध्या बाटली मंडळींच्या कपाटात साड्यांच्या मागं उभी आहे.

तर मला तीन गोष्टी सांगा. एक, खरंच एवढी वर्षं टिकती का, आणि टिकती तर त्यात टाकतात काय? दोन, आमच्याकडं ठेवायची कुठं? विहीर आहे, शेततळं आहे, जुन्या वाड्यात बुजलेलं पेव आहे, फ्रीज तर आहेच. तिसरी आपली शेतकऱ्याची खाज: आम्ही माल काढला की व्यापाऱ्याच्या गाडीत कधी चढतो याची घाई. मण्याला देठापासून सुटायला वेळ लागत नाही. असलं कोणतं द्राक्ष आहे की ज्याचा रस पंचवीस वर्षं थांबतो?

गंगाखेडकर

काका, चिरंजीवांचं ऐका आणि पत्ता कळवा. तोवर शेततळ्यात दोरीला बांधून सोडा.

नळदुर्गची

शेततळ्यात सोडू नका काका. वरचं पाणी उन्हाळ्यात कोमट होतं आणि लेबल आठवड्यात सुटतं.

मी धाराशिव जिल्ह्यातली. आमचीही बाग होती, २०१२-१३ च्या दुष्काळात काढावी लागली. पुढं वाइनचं शिक्षण माँपेलिएला झालं आणि तोडणीचा एक हंगाम बांदोलमध्येच, ला कादिएर गावाच्या उतारावर घड कापण्यात गेला. सध्या नाशिककडं एका वायनरीत काम करते. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

जावई थापा मारत नाही. चांगल्या घराण्याची बांदोल रेड चांगल्या तळघरात वीस वर्षं आरामात जाते, आणि २०१६ हे तिथलं चांगलं साल मानतात. घोडं अडतं ते ‘चांगल्या तळघरात’ या दोन शब्दांवर. तिकडं येतेच, पण आधी तुमचा तिसरा प्रश्न, कारण पहिल्याचं उत्तरही त्यातच आहे.

बांदोल म्हणजे मार्सेय आणि तूलाँ यांच्या मधला समुद्राकाठचा टापू. बांदोल गाव स्वतः बंदर. बागा त्याच्या मागच्या डोंगरांवर. ला कादिएर, ल कास्तेले, साँ-सीर, सानारी अशी आठ गावं मिळून दीड हजार हेक्टरच्या आसपास. डोंगर अर्धगोलात उभे आणि तोंड समुद्राकडं. उतारावर दगडी बांध रचून पट्ट्या केल्यात, चुना-मातीचा गिलावा न लावता नुसता दगडावर दगड. त्यांना तिथं रेस्तांक म्हणतात. ट्रॅक्टर सगळीकडं जात नाही. तोडणी हातानंच करायची, हा नियम आहे.

आता तुम्हाला मजा वाटेल अशी गोष्ट. तिथला वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या जालन्यापेक्षा थोडा कमीच! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. एवढ्याच पाण्यावर ही माणसं जगात नाव काढतात आणि आपण टँकरची वाट बघतो. पण पाऊस पडतो कधी ते बघा. त्यांचा बराचसा पाऊस शरदात आणि हिवाळ्यात, वेल झोपेत असताना किंवा झोपायच्या बेतात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा येतो आणि पानावरचं दव पुसून नेतो, त्यामुळं डाऊनी या बुरशीरोगाचा जाच आपल्यामानानं फारच कमी. आपण ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळीच्या धाकानं एकामागून एक फवारण्या मारतो, ते तिथल्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. जमीन चुनखडीची, त्यात चिकणमाती आणि वाळू मिसळलेली. आपल्या काळ्या बेसाल्टी रानाशी काही नातं नाही. बॉसे नावाच्या गावाजवळ तर जुना खडक वर आणि नवा खाली असा उलटा थर आहे. मार्सेल बेर्त्रां या भूशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये त्याची उकल केली आणि डोंगर कसे सरकतात यावरच्या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. हे वाइनच्या कामाचं नाही, पण मला आवडतं म्हणून सांगितलं.

द्राक्षाचं नाव मुर्वेद्र. काळं, मणी लहान, साल जाड. सालीत टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे कच्ची सुपारी चावल्यावर तोंड आवळतं ना, ते. ही जात अतिशय हट्टी आहे. उशिरा फुटते, त्याहून उशिरा पिकते. तिथली दुसरी जात ग्रेनाश, ती तोडून झालेली असते तरी हिचा मणी तयार नसतो. ऊन हवं, भरपूर हवं, पण मुळाशी ओल हटली तर रुसते. तिथले लोक म्हणतात, मुर्वेद्रला डोकं उन्हात आणि पाय पाण्यात लागतात. समुद्राची हवा आणि ओल धरणारी चिकणमाती असल्यामुळं हे दोन्ही बांदोलमध्ये जमतं. फ्रान्सच्या आतल्या, थंड भागात नेऊन लावली तर ती पिकतच नाही.

मग नियम बघा. लाल बांदोलमध्ये निम्म्याहून कमी मुर्वेद्र चालत नाही. बाकी मुख्यतः ग्रेनाश आणि सँसो. आठ वर्षांखालच्या वेलीचा माल लाल बांदोलला घ्यायचा नाही. उत्पादनाची मर्यादा हेक्टरी ४० हेक्टोलिटर. आपल्या हिशेबात एकरी सोळाशे लिटर रस, म्हणजे साधारण सव्वादोन टन माल. तुम्ही एकरी दहा-बारा टन काढता. सव्वादोन टनाला तुमच्याकडं कोणी ‘बाग फेल गेली’ म्हणेल. आणि तयार वाइन किमान १८ महिने लाकडात राहिल्याशिवाय बाजारात आणता येत नाही.

ते लाकूड पण नवं कोरं नसतं. जुन्या पद्धतीची घराणी मोठाली पिंपं वापरतात, फूद्र म्हणतात त्यांना, हजारो लिटरची, कित्येक वर्षं वापरात असलेली. नव्या लहान पिंपाचा व्हॅनिलासारखा वास वाइनला लागतो, तसा या जुन्या पिंपाचा लागत नाही. ते फक्त फटीतून चिमूटभर हवा आत सोडतं आणि टॅनिन मवाळ होत जातं. साँ-सीरला शातो प्रादो म्हणून घर आहे, १७५२ पासून पोर्तालिस घराण्याकडं. ते अजून देठासकट घड आंबवतात आणि तीन-चार वर्षं फूद्रमध्ये ठेवतात. ती वाइन तरुणपणी पिणं म्हणजे शिक्षा आहे. मी प्यायलेय.

आता टाकतात काय, तर लपवण्यासारखं काही नाही. टिकवतात ते टॅनिन, आंबटपणा आणि अल्कोहोल. वरून थोडा सल्फर डायऑक्साइड. एक्स्पोर्टच्या पेटीत तुम्ही जो ग्रेपगार्डचा कागद टाकता त्यातून निघतो तोच वायू.

इतिहास थोडक्यात. आपण डॉगरीजचा खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ, खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी लावतो. युरोपात खुंट आला तो एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाल्ली म्हणून. मुर्वेद्रचं त्या नव्या खुंटांशी नीट जमेना, त्यामुळं लोकांनी ती सोडली आणि भरघोस येणाऱ्या जाती लावल्या. बांदोलचं नाव जवळजवळ गेलंच होतं. मग लूसियाँ पेरो नावाचा माणूस आला. त्याची बायको ल्यूसी, माहेरची ताँपिए. सासऱ्यानं त्याला फिलॉक्सेराच्या आधीची घरची जुनी बांदोल पाजली आणि त्याच्या डोक्यात मुर्वेद्र बसली, असं सांगतात. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यानं १९४१ मध्ये बांदोलला स्वतःचं अधिकृत नाव मिळवलं आणि पुढं आयुष्यभर मुर्वेद्रचा वाटा वाढवा म्हणून इतरांच्या मागं लागला. जावई अजून तिकडं आहे म्हणता, तर दोमेन ताँपिए हे त्यांच्या वाइनघराचं नाव त्याला सांगा, ओळखेल. ल्यूसीबाई २०२० मध्ये १०२ वर्षांच्या होऊन गेल्या.

गंमत म्हणजे आज बांदोलमध्ये बहुतांश माल गुलाबी वाइनमध्ये जातो. ती सहा-आठ महिन्यांत विकून पैसा मोकळा होतो. उन्हाळ्यात पर्यटक रांग लावतात. लाल करणारा माणूस अठरा महिने पैसे अडकवून बसतो आणि गिऱ्हाइकाला वर सांगतो, अजून दहा वर्षं थांबा. शेतकरी म्हणून तुम्ही कोणती केली असती ते मला माहितेय.

आता ठेवायचं कुठं. बाटलीला साधारण १२ ते १४ अंश लागतात, आणि बारा महिने तेवढेच. कपाटातून आजच काढा, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत सगळ्यात खालच्या जागी, अंधारात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. सध्या थंडी आहे, काही बिघडलेलं नाही. पण होळीच्या आत निर्णय घ्या. घरात ३८-४० अंश झाले की वाइन फुगते, बूच ढकलते, आणि आतली चव शिजते. शिजलेली वाइन परत सुधारत नाही.

माळवद

नळदुर्गच्या ताईंनी चांगलं सांगितलं, पण पेवाचं राहिलं. आमच्या मानवतकडं जुन्या वाड्यात पेवं होती, पुरुष-दीड पुरुष खोल. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहायची. उघडल्यावर लगेच कोणाला उतरू देत नसत, आत हवा कोंडलेली असायची, माणूस गुदमरायचा. कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. मग एक बाटली टिकायला काय हरकत आहे? वर माळवदाचं घर असेल तर सोन्याहून पिवळं. सिमेंटच्या स्लॅबखाली जी भट्टी होते ती माळवदाखाली होत नाही.

नळदुर्गची

मामा, माळवदाचं शंभर टक्के खरं. पण पेवाचं गणित थोडं वेगळं आहे.

जमिनीखाली दहा-बारा हात गेलं की ऋतूचा फरक जवळजवळ मिटतो आणि तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं. म्हणूनच विहिरीचं पाणी जानेवारीत कोमट आणि मे महिन्यात गार लागतं. पाणी तेच असतं, आपलं अंग बदललेलं असतं. बांदोलच्या भागात ही सरासरी १५ च्या आसपास, त्यामुळं तिथं डोंगरात खोदलेलं तळघर फुकटात बरोबर निघतं. मराठवाड्यात सरासरी २६-२७. तुम्ही पेव कितीही सुंदर बांधा, १३ अंश मिळणार नाहीत. ज्वारीला ते चालतं, कारण तिला कोरडेपणा आणि कोंडलेली हवा हवी असते. किडीला श्वास मिळत नाही.

वाइनमध्ये मात्र रसायनाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ ठोकताळा. म्हणजे पेवात ती लगेच खराब होणार नाही, पण भराभर म्हातारी होईल, आणि चवही तीच येणार नाही. दोन वर्षं ठेवायची असेल तर मी पेवाला हो म्हणेन. नातीच्या लग्नापर्यंत नाही. शिवाय बुजलेलं पेव उपसायला माणूस उतरवणं, तेही एका बाटलीसाठी, नको.

फ्रीज काही महिने चालतो. तिथं चार-पाच अंश असतात, वाइन जवळजवळ थिजून बसते, हवा कोरडी म्हणून बूच आकसतं. उन्हाळा काढायला ठीक.

वाइनचा वेगळा छोटा फ्रीज मिळतो. घेणार असाल तर कॉम्प्रेसरवाला घ्या. स्वस्तातले बिनकॉम्प्रेसरचे असतात ते बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातात. बाहेर ४२ असेल तर आत २५ सुद्धा मुश्किलीनं. मे महिन्यात नेमके हरतात. लाइट तीन-चार तास गेली तर बंद दारामागं फार फरक पडत नाही, दिवसभर गेली तर पडतो. पण काका, एका बाटलीसाठी वीस हजाराच्या वर घालणं मला पटत नाही. तेवढ्यात एक फवारणी होते.

माझं सरळ मत: ही बाटली या हिवाळ्यात उघडा. नऊ-दहा वर्षांची झालीय, लाल बांदोल याच वयात बोलायला लागते. आणि जावयाला सांगा, २०१६ च्या अजून दोन तिकडंच घेऊन ठेव, तिथं तळघर भाड्यानं मिळतं. लग्न ठरलं की येताना आण. म्हणजे जावई आणि चिरंजीव दोघांचंही ऐकल्यासारखं होईल.

शेततळ्याकाठी

ताई, लई उपकार. सव्वादोन टन एकरी वाचून मंडळींना वाचून दाखवलं, त्यांचा विश्वासच बसंना.

जावयाशी व्हिडिओ कॉलवर बोललो. ताँपिए म्हणताच तो खूश झाला, म्हणला सासरेबुवा तुम्हाला कोणी शिकवलं. दोन बाटल्या तिकडं ठेवायचं कबूल केलंय. ही आता संक्रांतीनंतर, पाहुणे आले की उघडतो. आता त्याची रीत सांगा. सोबत मटण करायचं ठरलंय. आणि शेवटची शंका, मुर्वेद्रची काडी आपल्याकडं मिळाली तर चार ओळी लावून बघाव्या का? ऊन तर आपल्याकडं कमी नाही.

औरंगपुऱ्याचा

मटण म्हणजे नान-कलिया करा! संभाजीनगरहून नान मागवा. मसाला आहे पण जाळ नाही. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा केला तर वाइनची चव कोणाला कळणार नाही, एवढं माझ्यासारख्या बिनशिकलेल्यालाही कळतं.

नळदुर्गची

कलिया चालेल, पण तिखट हात आवरून. मिरची आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही भडकतात, तोंड जळतं आणि वाइन कडू लागते. मला विचाराल तर आळणी मटण करा, मीठ-हळद-आलं-लसूण, आणि ज्वारीची भाकरी. चरबी असलेलं मांस घ्या. टॅनिनला चरबी भेटली की ते मऊ होतं. तिकडंही बोकड-मेंढीच खातात हिच्याबरोबर, रानातल्या थाइम-रोझमेरीत भाजून. येसर आमटी दुसऱ्या दिवशी करा.

रीत अशी. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, तळाशी गाळ असेल तो बसू द्या. उघडल्यावर पहिला वास आला तर घाबरू नका. ओलं चामडं, गोठा, कधी काडेपेटीची काडी, असलं काहीतरी येईल. ती मुर्वेद्रची सवय आहे. कोंडलेली असते, हवा लागली की वास निघून जातो. काचेच्या तोंडमोठ्या भांड्यात सावकाश ओता, गाळ मागं राहू द्या, आणि दोन तास झाकण न लावता ठेवा. मग सुकी रानझुडपं, काळी फळं, चामडं, असं एकेक यायला लागेल. आपल्या घरातलं तापमान जानेवारीतही दुपारी जास्तच असतं, म्हणून प्यायच्या आधी वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये. १७-१८ अंश पुरे. आणि छोट्या ग्लासात थोडी थोडी. पाहुण्यांनी सोडा मागितला तर त्यांना दुसरं काहीतरी द्या.

काडीचं. ऊन आहे काका, पण उलट्या बाजूनं आहे. बांदोलमध्ये वेल हिवाळाभर झोपते, मणी उन्हाळ्यात भरतो, आणि पिकणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गारव्याकडं जाताना होतं. रात्री थंड होत जातात, आंबटपणा टिकतो, सालीला पिकायला वेळ मिळतो. आपल्याकडं वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे थंडीतून उन्हाकडं जाताना पिकतो. शेवटच्या तीन आठवड्यांत पारा रोज चढतो, साखर पळत सुटते आणि आंबटपणा खाली पडतो. शिराजसारखी जात त्यात निभावून नेते, मुर्वेद्र तर सगळ्यात उशिरा पिकणारी. तिची पाळी येईस्तोवर एप्रिल उजाडेल, आणि तुम्हाला तर तेव्हा खरड छाटणी करायची असते.

दुसरं, वाइनचं द्राक्ष मंडईत विकत नाही. बिया, जाड साल, लहान मणी, कोण खाणार? वायनरीशी लेखी करार हातात असल्याशिवाय एक ओळही लावू नका, मग जात कुठलीही असो. करार करताना ब्रिक्सबरोबर (रसातल्या साखरेच्या मापाबरोबर) आंबटपणाची अट काय आहे आणि माल नाकारला तर वाहतूक कोणाच्या माथी, हे दोन मुद्दे कागदावर घ्या. आमच्या भागात एकानं ते घेतले नव्हते, आणि ट्रक परत आला तेव्हा भाडं त्यालाच भरावं लागलं.